आतोबांचं भांडी घासायचं यंत्र

मुरबाड तालुक्यात आजवर जेवढी डोकी जन्माला आली त्यांत सगळ्यांत सुपीक डोकं आमच्या आतोबांचं होतं, आणि हे मी त्यांच्या यंत्राने चेपलेल्या वाट्या डोळ्यांनी पाहूनही म्हणतो. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. राहायचे धसईला, करायचे भातशेती, आणि उरलेल्या वेळात जग सुधारायचे. मुंगसाला पळवून लावायला त्यांनी खुराड्याला घंटा बांधली, तर धसका घेऊन कोंबड्यांनीच अंडी घालणं सोडलं. "कोंबडीला अक्कल नाय, त्याला मी काय करू?" एवढंच ते म्हणाले.

तुसाच्या राखेने भांडी घासून आत्याच्या हातांना भेगा पडत. एका हिवाळ्यात भाकरी थापताना तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं आतोबांनी पाहिलं आणि त्यांचं जेवणावरचं लक्षच उडालं. महिनाभर खपून त्यांनी एक लोखंडी पिंप आडवं बसवलं, आतून नारळाच्या शेंड्या ठोकल्या आणि ते फिरवायला सायकलचं पायडल जोडलं. पिंपात भांडी, पाणी आणि पसाभर राख घालायची, आणि आतोबांनी स्टुलावर बसून पायडल मारायचं. आवाज असा, की रस्त्यावरचे बैल बुजत. एकदा गावजेवणानंतर तीन घरांची भांडी त्यात गेली आणि बाहेर आली ती वाट्यांवर कोरलेली नावं साफ पुसून. कुठली वाटी कोणाची, यावरून तीन घरांत वर्षभर अबोला होता. "भांडी लख्ख झाली का नाय, ते बोला," आतोबांनी तिघांनाही सुनावलं.

सात वर्षांनी पिंप गंजून गळू लागलं आणि यंत्र बंद पडलं. मी तेव्हा मुरबाडला शाळामास्तर होतो, दर रविवारी धसईला जेवायला जायचो. सलग तीन रविवार एकच विषय: दुरुस्त करायचं की नवं बनवायचं? लोहार ठिगळ लावायला तयार होता, पण ठिगळ हा आतोबांना यंत्राचा अपमान वाटे. नवं पिंप बघून आले, तर जुन्याची माया सुटेना. शेवटी मीच म्हणालो, "आतोबा, जिच्यासाठी बनवलंत तिला विचारा की." हे त्या सुपीक डोक्यात सात वर्षांत आलं नव्हतं.

"गो, इकडं ये. तू सांग, ठिगळ का नवं?"

आत्या आली आणि पदरात हात गुंडाळून उभी राहिली.

"हात दाखव," आतोबा म्हणाले. तिने दाखवले. "यंत्र बंद पडून तीन आठवडे झाले. या भेगा जुन्या हायेत."

"अवो, पिंपातून निघाली तरी भांड्यांना राख चिकटलेलीच असायची. तुमी शेतावर गेलात की मी परत घासायची. एवढ्या हौसेनं बनवलंत, कसं सांगू?"

आतोबा पानावर बसून राहिले, पण घास काही उचलला नाही. विचारायला लावल्याबद्दल मला स्वतःचाच राग आला.

पुढच्या रविवारी गेलो, तर आतोबा मोरीवर उकिडवे बसून तपेलं घासत होते. पुरुषमाणूस भांडी घासतो, हे बघायला अर्धी आळी कुंपणाशी जमली होती. "काय तात्या, दुरुस्त केलं का नवं घेतलं?" एकाने आतोबांना खोचकपणे विचारलं.

"नवं लावलंय," आतोबा मान वर न करता म्हणाले. "दोन हात हायेत त्याला, आणि गळत नाय."

होळीपर्यंत आत्याच्या भेगा बुजल्या. आतोबांचं घासणं मात्र थांबलं नाही, आळीचं हसणं थांबलं तरी.

आत्या आधी गेली. त्यानंतर एकदा आम्ही दोघे जेवलो आणि आतोबा ताटं घेऊन मोरीवर बसले. माझं घासलं, स्वतःचं घासलं आणि मग फळीवरचं तिसरं, कोरडं ताट खाली घेतलं.

"आतोबा, त्यात कोणी जेवलं नाही," मी म्हणालो.

"ठाऊक हाय, मास्तर," असं म्हणून त्यांनी त्या ताटाला राख लावली. मला तिथे उभं राहवलं नाही.