बाहेर जाणं होत न्हाई

'लघवी' हा एक शब्द तोंडातून काढला असता तर निभावलं असतं. पण मी पडले खानदानी सून! तो शब्द गिळला आणि ज्या गोळीनं पोट फुगलं तीच डॉक्टरकडून दुप्पट करून घेतली. एवढी शहाणी बाई आमच्या पंचक्रोशीत दुसरी नसावी.

विद्यापीठाच्या नामांतराच्या गडबडीचे दिवस होते. आम्ही पिंगळीजवळच्या खेड्यात राहायचो. दुसऱ्या बाळंतपणानंतर माझं मनच उतरलं. भाकरी थापता थापता हात थांबायचा, तवा धुरकटला तरी कळायचं नाही. मालकांनी परभणीला डोक्याच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर माझ्याहूनही लहान दिसत होते. त्यांनी उदासीवरची गोळी दिली. महिन्याभरात इतका गुण आला की लेकीला न्हाऊ घालताना मी चक्क गुणगुणले. घरात कोण पाहुणी आलीय ते बघायला सासूबाई दारापर्यंत येऊन गेल्या.

पण गोळीनं तोंडाला कोरड पडायची. मी तांब्यामागून तांब्या पाणी प्यायचे आणि प्यालेलं काही उतरायचं नाही. पहाटे आम्ही चौघीजणी ओढ्याकडं जायचो. तिघी उठून लुगडं झटकायच्या, मी आपली बसलेलीच.

"झोप लागली का गं तिथंच?" जाऊ विचारायची.

सांगावं तर गोळी बंद होईल आणि मी पुन्हा तव्यापुढं दगडासारखी बसेन, ही भीती. न सांगावं तर पोट तडतडायलंय. शेवटी ठरवलं, सांगायचं, पण घरंदाज भाषेत. आमच्या घरात त्या कामाला 'बाहेर जाणं' म्हणत.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी विचारलं, "आता कसं वाटतंय?"

मी पदर ओढून म्हणाले, "मन लय बरं हाय. पण बाहेर जाणं होत न्हाई."

"का? भीती वाटते?"

"भीती कशाची? जाऊन बसते की. अर्धा अर्धा तास बसते."

"एकट्याच?"

"न्हाई, चौघी असतो."

"मग छान! गप्पा मारायच्या, मोकळं व्हायचं."

"गप्पा होत्यात. मोकळं तेवढं होत न्हाई."

शेजारी बसलेले मालक लगेच म्हणाले, "मीबी रोज सांगतो डॉक्टरसाहेब, लोकांत मिसळ म्हणून. ऐकतच न्हाई."

डॉक्टरांनी गंभीरपणे मान हलवली आणि गोळी दुप्पट केली. मला वाटलं, वा, काय हुशार डॉक्टर! न बोलताच ओळखलं.

तिसऱ्या दिवशी थेंबही येईना. ओटीपोट दगडासारखं झालं. त्यात बंद होता, एसट्या निघाल्या नव्हत्या. मग बैलगाडीत घालून मला पिंगळीच्या स्टेशनावर आणलं. प्रत्येक खड्ड्याला मी ओरडायचे आणि मालक बैलांना शिव्या द्यायचे. बैलांचा काय दोष! परभणीला उतरून त्याच दवाखान्यात गेलो.

सिस्टरनं पोटाला हात लावला. "लघवी कधी झाली होती?"

मी छताकडं बघत राहिले. तिनं उत्तराची वाट न बघता नळी घातली. एक भांडं भरलं, तिनं दुसरं लावलं. तेही भरत आलं.

"अवो बाई," ती म्हणाली, "येलदरी धरणाचं पाणी हितं साठवलंय व्हय?"

मला हसूही येईना आणि रडूही. सुख मात्र असं झालं की माहेरची आठवण आली. नंतर डॉक्टर आले, खाटेजवळ उभे राहिले. सिस्टरनं त्यांना माझ्या 'बाहेर जाण्या'चा अर्थ मोठ्या आवाजात समजावून सांगितला. त्यांचे कान लाल झाले. मी हात जोडले. "सायेब, काय बी करा, गोळी बंद नका करू."

डॉक्टर माझ्याकडं न बघता, खाटेच्या दांडीकडं बघत म्हणाले, "बंद नाही करत, बाई. आधी कमी करतो, नाही जमलं तर दुसरी देतो. आणि चूक तुमची एकटीची नाही. या गोळीनं लघवी अडते हे मला ठाऊक होतं. पण तुमचे मालक शेजारी बसले होते ना, मला विचारायची लाज वाटली."