नेट स्लो झालंय, जरा येऊन जा

रत्नागिरीत मी आणि माझा मित्र सुहास घरोघरी जाऊन जुने कॉम्प्युटर दुरुस्त करतो. अशा मशीनचं कॅबिनेट उघडलं की धूळ निघते, आणि धुळीबरोबर एखादा किस्साही. हल्ली जो तो मोबाईलवर, म्हणून फोन कमी येतात. पूर्वी दुपारी डोळा लागला की फोन वाजायचाच, "नेट स्लो झालंय, जरा येऊन जा." त्या दुपारी मला आठवतात. चहासकट आठवतात.

*

निवृत्त शिक्षक आप्पांच्या ब्राउझरची अर्धी खिडकी टूलबारांनीच भरलेली. उरलेल्या फटीतून ते बातम्या वाचायचे.

"आप्पा, हे सगळं तुम्ही घेतलंत?"

"मी कशाला घेतोय? तेच विचारायचे, येऊ का म्हणून. इतकं अदबीनं विचारल्यावर नाही कसं म्हणायचं?"

सुहासने सगळे उडवले. पानं भराभर उघडायला लागली. आप्पा स्क्रीनकडे बघत म्हणाले, "ओकंबोकं वाटतंय रे आता."

*

समुद्रकाठच्या भाट्याचे बाळकाका खाऱ्या वाऱ्याला फार भ्यायचे. कॉम्प्युटर चालू असतानाही त्यावर जाड कव्हर! आत पंखा गुदमरायचा, मशीन तापायचं आणि नेट रांगायचं. "त्याला श्वास घेऊ द्या," असं सुहासने बजावलं.

पुढच्या खेपेला कव्हर तिथंच होतं. पंख्यासमोर तेवढी खिडकी कापलेली, आणि तिला शिंप्याकडून काज-बटण करून घेतलेलं!

*

सुमनकाकूंचं नेट फक्त मे महिन्यात स्लो व्हायचं. आम्ही केबल बदलली, ब्राउझर नवा टाकला, काही उपयोग नाही. शेवटी एका मे महिन्यात टेबलाखाली वाकून बघितलं, तर कॅबिनेटच्या मागे गवताची आढी, आणि आढीत हापूस. मागून येणाऱ्या गरम हवेवर काकू आंबे पिकवत होत्या. गवतानं ती हवा कोंडत होती.

"गवत काढतो, लगेच पळायला लागेल," मी म्हटलं.

काकू आडव्या आल्या. "हात लावू नकोस. लेक यायचीय पुण्याहून, तोवर तयार व्हायला हवेत. नेटला कसली घाई आहे?"

*

आणि हमीदाखाला. त्यांचा एकुलता एक इरफान मालवाहू जहाजावर. जाताना त्याने आईला नेटवरच्या नकाशावर जहाजाचा ठिपका बघायला शिकवलं होतं. एके दिवशी खालांचा फोन आला. "कालपासून इरफानचं जहाज दिसत नाय. लवकर ये."

गेलो. पान काही केल्या उघडेना. वर टॅबांची इतकी दाटी की एकावरही नाव वाचता येत नव्हतं. खाला रोज नवा टॅब उघडून जहाज बघायच्या, जुना मिटायच्या नाहीत. मशीन चालू झालं की ते सगळे एकदम उघडू बघायचे आणि सगळंच थिजायचं.

"खाला, हे सगळे बंद करावे लागतील."

"नको. माणूस सफरीवर गेलाय. तो परत येईपर्यंत त्याच्या मागं काय मिटायचं नाय."

सकाळपासून त्या जेवल्या नव्हत्या. मला वाद घालवेना. सुहास घरी जाऊन स्वतःच्या कॉम्प्युटरची रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी, काढून घेऊन आला. ती बसवली आणि रखडत रखडत नकाशा उघडला. निळ्यात ठिपका होता, पुढं सरकलेला. खाला स्क्रीनला हात लावून बसल्या. मग उठल्या आणि आम्हालाही जेवायला वाढलं.

बऱ्याच महिन्यांनी पुन्हा फोन आला, "ये, आता बंद कर ते सगळं." दार इरफाननेच उघडलं. खालांनी मला माऊसला हात लावू दिला नाही. एकेक टॅब त्यांनी स्वतः मिटला, सावकाश. इरफान शेजारी बसून हसत होता.

शेवटी एक उरला.

"अम्मी, हा राहिला की."

"राहू दे," खाला म्हणाल्या. "तुझी रजा संपेल ना."