टापूवर जाणाऱ्यांची मापं

शाळेच्या मागच्या दारातून नदी दिसते आणि नदीच्या मधोमध टापू. वाळू, दगड, थोडी झाडं, एवढंच. पावसाळ्यात अर्धा बुडतो, जानेवारीत पूर्ण वर येतो. सहा वर्षं मी तो मशीनवर बसल्या बसल्या बघत आले. तिथं जावं असं मला कधी वाटलं नव्हतं. मला पाण्याची भीती वाटते.

मी या निवासी शाळेत मुलींचे गणवेश शिवते. चंद्रपूरहून तीन महिन्यांसाठी म्हणून आले होते. अब्बांना दिसेनासं झालं तेव्हा मी आठवीत होते. त्यांच्या मशीनवर बसले ती बसलेच, शाळा तिथंच राहिली. त्यामुळे इथं कुणी लिहायचं काम दिलं की मी अजूनही ते दुसऱ्याकडे ढकलायला बघते. चुकलं तर लोक म्हणतील, आठवी नापास बाईला कशाला दिलं? नापास नव्हते खरं तर. परीक्षेलाच बसले नाही.

सातवीच्या मुलींची टापूवर एक दिवसाची सहल ठरली. मुख्याध्यापिकांना आम्ही मोठ्या बाई म्हणतो. पालकांची संमतीपत्रं, पोलीस मदत केंद्राला कळवणं, पंचायतीकडून बुडू नये म्हणून अंगात घालायची जॅकेटं, हे सगळं त्यांनी स्वतःकडे घेतलं. मग मला बोलावून म्हणाल्या, "डोंग्यात कोण कधी बसणार, ती यादी तू कर."

"मी? बाई, वर्गशिक्षिकेला सांगा ना."

"तिला मुलींचे मार्क माहीत आहेत. अंग तुला माहीत आहे. तुझ्याकडे मापांची वही आहे ना?"

वही होती. शाळेचा वजनकाटा मात्र पावसाळ्यापासून एकाच आकड्यावर अडकून बसला होता.

दुसऱ्या दिवशी मी घाटावर गेले. डोंगेवाले भाऊ जाळं विणत बसले होते. त्यांची सगळी हयात या नदीवर मासे धरण्यात गेलेली. मी विचारलं, "भाऊ, एका वेळी किती जणी बसतील?"

"पोट्ट्या असतील तं पाच. मोठं मानूस असलं तं त्याले दोन पोट्ट्या धरा. अन् साऱ्या पोट्ट्या सारख्या नसते. जड-हलकी पाहून बसवा. येका अंगाले भार गेला का डोंगा कोनाचं ऐकत नाई."

"आणि खेपा किती माराल?"

"सकाळी सहा, संध्याकाळी सहा. सातवी म्हनसान तं नाई. माहं जाळं पान्यात असते. ऊन चढायच्या आधी काढा लागते."

"बुडत तर नाही ना डोंगा?"

ते जाळ्यातून वर बघून हसले. "बाई, तुमची मशीन बोटात सुई घालते का? घालते. म्हनून तुमी शिवनं सोडलं का?"

मी हसले नाही. रात्री अम्मीचा फोन आला तेव्हा सहलीचं सांगितलं. ती म्हणाली, "तू तो घर की टंकी में झाँकने से डरती थी." त्यामुळे जास्तच भीती वाटली.

यादीचं काम मात्र मी मन लावून केलं. सहा खेपा, प्रत्येकीत पाच जागा, म्हणजे तीस. मुली तेवीस. वहीतून प्रत्येकीची छाती, कंबर, उंची काढली. अठ्ठावीसवाली पोट्टी एका अंगाला, तर तिच्यासमोर दुसरी अठ्ठावीसवाली. दोन सव्वीसवाल्या मधे. वाढत्या अंगाच्या मुलींची मापं मी दोन इंच जास्त लिहून ठेवते, कारण गणवेश वर्षभर पुरायला हवा. ते दोन इंच आठवणीनं कमी केले. मोठ्या बाईंच्या दोन जागा, वर्गशिक्षिकेच्या दोन, जेवणाच्या डेगचीची एक. अठ्ठावीस भरल्या. दोन उरल्या.

त्या दोन मावशीसाठी होत्या.

मावशी म्हणजे शाळेची स्वयंपाकीण. भाऊंच्याच समाजाची, नदीकाठच्या गावची. मी इथं आले त्या वर्षी रोजे लागले तेव्हा कुणाला काही विचारायची मला हिंमत नव्हती. रात्रीची गार भाकरी झाकून ठेवायची आणि पहाटे खायची, असं मी ठरवलं होतं. दुसऱ्याच पहाटे खिडकीवर थाप पडली. मावशी चूल पेटवून उभी. म्हणाली, "उपाशी राह्यतेस तं राह्य, पन गरम खाऊन राह्य." महिनाभर रोज उठली. पुढच्या वर्षीही, त्याच्या पुढच्या वर्षीही. तिचं मी काय करू शकते? तिचे ब्लाऊज शिवते, एवढंच.

सहल ठरल्याचं ऐकून तीच सगळ्यात खूश झाली होती. टापूच्या वाळूवर तिच्या बापाची डांगरवाडी होती. थंडीत पाणी उतरलं की सगळं घर तिथं झोपडी टाकून राहायचं. डांगरं, काकड्या, टरबुजं लावायची, उन्हाळा संपेपर्यंत.

"मी तिथीच चालाले शिकली," ती मला सांगायची. "वाळूत पडलं तं लागत नाई. म्हनून लवकर शिकली."

लग्न झाल्यापासून ती तिथं गेली नव्हती. रोज भांडी घासताना समोर दिसणारी जागा, पण कामाशिवाय बाई माणूस डोंग्यात कशाला बसेल? आणि आता चैत्रात ती काम सोडून मुलाकडे बल्लारपूरला जाणार होती. जे काही जायचं, ते याच खेपेला. नवा ब्लाऊज शिवायला तिनं हिरवं कापडही दिलं होतं. "टापूवर घालून जाईन. माहेरी जुन्यानं जाते का कोनी?"

पण तिचं माप वहीत नव्हतं. मावशी अंगाला टेप लावू देत नाही. "मोजलं का मानूस वाढते," म्हणते. जुना ब्लाऊज मापाला देते आणि दरवर्षी एकच सांगते, "याच्यापरीस येक बोट ढिला कर." मी करत गेले. शिलाईतलं आतलं कापड संपलं तेव्हा बगलेखाली जोड लावला. त्या रात्री तो ब्लाऊज पसरून मोजला. चाळीस भरला. मोठ्या बाई छत्तीस आणि त्यांच्या दोन जागा. मग चाळीसच्या किती? मी दोन लिहिलं, खोडलं, तीन लिहिलं. एका अंगाला भार गेला तर, हेच डोक्यात फिरत होतं. मावशीची चाल रुंद, आवाज तर गेटपर्यंत जाणारा. तीनच.

तीन बसत नव्हत्या.

दोन दिवस यादी उलटीपालटी केली. एकाही मुलीला वगळता येत नव्हतं. डेगची तर न्यायलाच हवी. शेवटी मोठ्या बाईंना दाखवली. त्यांनी बघितली आणि म्हणाल्या, "मग मावशी अलीकडेच राहू देत. सकाळी जेवण बांधून देतील. उरलेल्या दोन जागांवर तू चल, मुलींवर लक्ष ठेवायला एक माणूस हवंच."

म्हणजे जिला जायचं होतं ती काठावर, आणि जिला नको होतं ती डोंग्यात. आणि यादी माझ्या अक्षरात.

मावशीला मोठ्या बाईंनीच सांगितलं. मी तिच्यासमोर गेले तेव्हा ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "बरं झालं. मले इथी लय काम आहे." ताट जरा जोरात झटकलं. संध्याकाळी माझ्या भाजीत मीठ बरोबर होतं, सगळं बरोबर होतं. फक्त ती बोलली नाही.

ब्लाऊज मी तरीही शिवला. मापापेक्षा एक बोट ढिला, तिनं सांगितल्याप्रमाणे. सहलीच्या आदल्या दिवशी दुपारी घेऊन गेले.

"आता कायले?" ती म्हणाली. "ठेव तिथी."

"घालून तर बघा. हुक कुठे लावायचे ते तुमच्या अंगावर बघावं लागेल."

हे खोटं होतं. हुक कुठे लावायचे ते मला डोळे मिटून कळतं. पण तशीच निघून यायला माझे पाय तयार नव्हते.

कोठीचं दार लावून घेऊन ती धान्याच्या पोत्याजवळ उभी राहिली. स्वेटर काढला. दोन्ही खांद्यांवरून घट्ट घेतलेला पदर सोडला. मग ब्लाऊजमध्ये हात घालून एकेक वस्तू पोत्यावर ठेवू लागली. बटवा. मोबाइल, फडक्यात गुंडाळलेला. कोठीच्या किल्ल्यांचा जुडगा. काडेपेटी. तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पुडी. चष्म्याचं घर. एकेक वस्तू निघत गेली तशी मावशी कमी होत गेली. शेवटी तो ब्लाऊज तिच्या अंगावर दोरीवर वाळत घातल्यासारखा लोंबत होता.

मी शिंपीण आहे. सहा वर्षं तिच्या हातचं खाल्लं, आणि वाढताना पुढे येणारी तिची मनगटं मी पाहिली नव्हती.

"मावशी, हे कधीपासून?"

"दोन पावसाये हिवताप नाई झाला का मले? तवापासून भरलीच नाई."

"मग दरवर्षी ढिला कर काऊन म्हणत होत्या?" काऊन माझ्याही तोंडात आता बसलं आहे.

"चुलीपुढं कपडा अंगाले चिकटला नाई पायजे. अन् येवढं सामान ठेवू कुठी? तुया शाळेनं मले टेबल देल्लं का?"

मी गळ्यातला टेप काढला. तिनं हात आडवा केला.

"मोजलं का मानूस वाढते."

"मग वाढा ना थोड्या. बरंच होईल."

ती हसली. चार दिवसांनी पहिल्यांदा. हात वर केले. चौतीस भरले, तेही आतल्या बनियनसकट.

मी तशीच घाटावर पळत गेले आणि भाऊंना सगळं सांगितलं. मावशी दोनच जागा घेईल, माझ्या जागेवर तिला बसवा, मी काठावर थांबते. हे सांगताना एक गोष्ट ध्यानात आली. गेले चार दिवस जॅकेटचे पट्टे कसे बांधायचे ते मी मुलींना शिकवत होते, आणि शिकवता शिकवता मीही मनानं त्या डोंग्यात बसले होते. आता मला जायचं होतं. पण ते मी बोलले नाही.

भाऊंनी विचारलं, "तुमचं माप किती?"

मला सांगता येईना. वहीत सगळ्या शाळेचं माप आहे, माझं नाही. माझे कपडे मी अंदाजानं बेतते.

मागून मावशीचा आवाज आला. ती माझ्या पाठोपाठ घाटापर्यंत चालत आली होती, हातात माझाच टेप. "उभी राह्य सरळ," म्हणाली, आणि तिथंच, भाऊंनी तोंड नदीकडे केल्यावर, माझ्या ओढणीवरून टेप फिरवला. तिला आकडे वाचता येत नाहीत. बोटानं खूण धरून टेप माझ्यापुढे केला. तीस.

"पाहा भाऊ," ती म्हणाली, "हे तं सातवीतली पोट्टी आहे. महिना महिना उपाशी राह्यते अन् मंग म्हनते मी मोठी बाई."

भाऊ वळले. आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. वही त्यांनी मागितलीच नाही. "वैनी, तुमाले तीन पोट्ट्या कोनं धरलं? तुमी दोघी मिळून येक मोठं मानूस. बसा सहाव्या खेपेले."

रात्री मी हिरवा ब्लाऊज उसवला, चौतीसवर आणला आणि उजव्या बगलेखाली आतून एक खिसा लावला, बटव्याच्या मापाचा. किल्ल्यांना नाही लावला. किल्ल्या त्या दिवशी मोठ्या बाईंकडे राहणार होत्या.

सकाळी पाच खेपा गेल्या. सहाव्या खेपेला डेगची मधे, दोन मुली, मागे आम्ही दोघी, सगळ्यांच्या अंगात जॅकेटं. मी यादी ओढणीत बांधली आणि एका हातानं डोंग्याची कड धरली. दुसऱ्या हातानं मावशीच्या ब्लाऊजची बाही धरायला गेले, तर ती हातात येईना. ब्लाऊज इतका बरोबर बसला होता. मग मी तिचा दंड धरला.

"धर," ती म्हणाली, टापूवरची नजर न काढता. "पन चिमटा नको घेऊ."