यादीतली मोठी बोट

चाकूरच्या उज्वलाला लातूरच्या 'सोबती' केंद्रात नोकरी लागली, तेव्हा तिच्या आईनं गल्लीभर पेढे वाटले होते. काम बसल्या जागचं. मराठवाड्यातल्या नऊ गावांनी मिळून संगणकावर एक यादी केली होती: कुणाकडे बोट आहे, कुणाकडे पंप, कुणाकडे जनरेटर. एकावर संकट आलं की बाकीच्यांनी धावायचं. वस्तू चालू असली की तिच्यापुढे हिरवा ठिपका, बंद असली की लाल. दर सोमवारी प्रत्येक केंद्रानं आपली यादी ताजी करायची.

आता ताजी करायची म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. मागच्या सोमवारची यादी उचलायची, तारीख बदलायची, झालं काम! उज्वला मुळात कामचुकार नव्हती. पहिल्या महिन्यात ती कोठीत जाऊन एकेक पंप बघून आली, तर तिचे वरिष्ठ सुदर्शन सर हसले, "पंप काय पळून चाललेत का?" तेव्हापासून तीही नुसती तारीख बदलू लागली.

भाद्रपदात गोदावरी फुगली. दुपारी दीडला नांदेडच्या केंद्रातून हणमंतरावांचा फोन आला. नदीकाठच्या वस्तीत सतरा माणसं एका गच्चीवर अडकली होती आणि पाणी चढत होतं.

"ताई, तुमची मोठी बोट हिरवी दिसून राहिली. लवकर काढा."

"हाव काका," म्हणत उज्वला कोठीकडे पळाली. बोट होती. तिचं इंजिन नव्हतं. ते आषाढातच मेकॅनिककडे गेलं होतं, आणि त्यानंतरचे सगळे सोमवार तिनं आपल्या हातानं हिरवे ठेवले होते.

सुदर्शन सरांनी दार लावून घेतलं. "बोट गाडीवर चढवू. वाटेत इंजिन बिघडलं म्हणू. आता लाल केलंस तर तुझी नोकरी जाईल, माझीबी."

उज्वला फोनपुढे येऊन बसली. नोकरी गेली तर आईला काय तोंड दाखवायचं? आणि तिकडे माणसं लातूरच्या वाटेकडे डोळे लावून बसली असतील. ह्या घालमेलीत किती वेळ गेला, तिचं तिलाच कळलं नाही. शेवटी तिनं ठिपका लाल केला आणि फोन लावला.

"काका, बोट बंद हाय. चूक माझी हाय. दुसरी बघा."

हणमंतराव यादी बघत म्हणाले, "नायगावची वल्ह्याची हाय. लहान म्हणून सोडली होती. आता तीच बोलावतो."

उज्वला पडद्यापुढून हलली नाही. तासाभरात दुसऱ्या एका गावाची बोट लाल झाली. मग तिसऱ्याची. संध्याकाळपर्यंत नऊपैकी पाच गावांच्या बोटी लाल होत्या. कुणी कुणाला काही विचारलं नाही. जळो तो हिरवा रंग, असं तिला झालं.

सहा वाजता हणमंतरावांचा फोन आला. "सोळा जण सुखरूप हायत."

"आन सतरावं?"

"केवळाबाई म्हणून म्हातारी होती. गच्चीच्या कठड्यासकट वाहून गेली."

"किती वाजता, काका?"

"ते नका इचारू, ताई," हणमंतराव म्हणाले.

उज्वलानं पुन्हा विचारलं नाही.