छत्रीच्या कापडाची चड्डी

रिया, ओंकार —

तुम्हाला मी नेहमी इंग्रजीत लिहिते. हे मराठीत लिहिते आहे. बाबांकडून वाचून घ्या. मराठीत का, ते शेवटी कळेल. जे सांगणार आहे ते आजवर कोणालाच सांगितलेलं नाही — तुमच्या बाबांना नाही, माझ्या बहिणीला नाही, आणि ज्यांना सर्वांत आधी सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच.

गेल्या रविवारी तुमचा पर्थहून फोन आला. सुट्टीत किनाऱ्याकिनाऱ्याने वर जायचं, दुपार झाली की जिथे हमखास वारा सुटतो तिथे मुक्काम करायचा, विंडसर्फिंग शिकायचं — दोघंही एकमेकांना तोडत बोलत होतात. आजोबा माझ्या शेजारी कान लावून बसले होते. तुमचं इंग्रजी त्यांना कळत नाही. मी ऐकते आणि त्यांना सांगते. आपल्या घरातली ही जुनी रीत. माझी चूक त्या रीतीतच आहे. पण क्रमाने सांगते — नाहीतर सांगणं होणार नाही.

सिरसाळ्यात केबल नवीनच आली होती. आजोबांनी नुकतीच पन्नाशी ओलांडलेली. कापडाचं दुकान बंद करून आले की जेवताना ते टीव्ही लावत. एका संध्याकाळी पडद्यावर समुद्र दिसला, समुद्रावर फळी, फळीवर शीड धरून उभा असलेला माणूस. आजोबांचा घास हातातच राहिला.

"हे मला जमतंय," ते म्हणाले. मी हसले. ते हसले नाहीत.

आणि का जमू नये? लहानपणी पाठीला पांगऱ्याचं हलकं लाकूड बांधून ते विहिरीत पोहायला शिकले. आजही काठावरून सूर मारतात. राहिला वारा. खळ्यावर उंच तिव्यावर, म्हणजे तीन पायांच्या घडवंचीवर, उभं राहून, धान्याची पाटी डोक्यावर धरून, वाऱ्याची वाट बघत त्यांनी कितीतरी सुग्या काढल्या होत्या. वारा आला की पाटी किती कलती करायची — तेच तर हाय, म्हणायचे.

माझ्याकडे एक इंग्रजी मासिक येत असे. त्यात गोव्याच्या एका किनाऱ्याची माहिती निघाली. तिथे हे शिकवत होते. मग काय विचारता? दिवाळीचा धंदा आटोपला की निघायचं, सोलापूर-कोल्हापूर करत. सोबत धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. दुकानामागे सरकीच्या पोत्यावर जुन्या दाराची फळी टाकून, बांबूला धोतर बांधून ते सराव करू लागले. गल्लीतलं कोणी विचारी, "अप्पा, गोवा आला का?" हे वरून सांगत, "अजून परळी बी लागली न्हाई बे." गळ्यातलं इष्टलिंग समुद्रात पडू नये म्हणून त्याच्या दोऱ्याला, शिवदाऱ्याला, जास्तीची गाठ मारून झाली. आणि शिंप्याकडून एक चड्डी शिवून आली — गुडघ्यापर्यंत, छत्रीच्या काळ्या कापडाची. छत्री भिजत नाही, मग चड्डी कशी भिजेल?

तेव्हा मीही हसले, मनापासून. ते दिवस फार सुखाचे होते, हे खोटं नाही.

राहिला होता फक्त फोन. तो अर्थातच मी करायचा. स्टँडसमोरच्या एसटीडी बूथवर आम्ही दोघं गेलो. पलीकडून एक बाई बोलल्या — स्वच्छ, घडीव इंग्रजी, थेट माझ्या हैदराबादच्या कॉलेजातल्या मैत्रिणींसारखं. मी सगळं नीट विचारलं. त्यांनी सगळं नीट सांगितलं. खुशाल या. पोहता येतं ना? मग वयाचं काही नाही.

काचेबाहेर आजोबा बूथवाल्याला सांगत होते, "आमच्या मॅडम इंग्रजीत बोलाया लागल्या की गोव्याचा वारा बी उभा राहून ऐकतोय."

आणि त्या क्षणी मला चित्र दिसलं. त्या आवाजाच्या बाई किनाऱ्यावर उभ्या आहेत. समोर छत्रीच्या चड्डीतले तुमचे आजोबा, मोठ्याने बोलणारे, सगळ्यांना 'लई भारी हाय' सांगणारे. आणि त्यांच्या शेजारी — मी.

मी आभार मानले, रिसीव्हर ठेवला, बाहेर आले आणि म्हणाले, "पन्नाशीच्या पुढच्यांना घेत नाहीत. तसा नियम आहे."

असं किती सहज बोलता येतं, नाही?

बूथवाला म्हणाला, "अप्पा, वय कमी सांगायचं की. कोण बघतंय?"

"खोटं कावून बोलायचं?" आजोबा म्हणाले. "नियम हाय तर हाय. चला मॅडम, चहा घेऊ."

तो चहा मी प्यायले.

पुढे बरीच वर्षं मी मनाला समजावत राहिले की मला समुद्राची भीती वाटली, त्यांच्या जिवाची काळजी वाटली. काळजी कसली? विहिरीत सूर मारताना त्यांना मी कधी अडवलं होतं? मला त्यांची लाज वाटली. ज्या माणसाने माझ्या इंग्रजीचा अख्ख्या गावात अभिमान मिरवला, त्याच्याशी मी त्याच इंग्रजीच्या आडून खोटं बोलले. एवढंच आहे ते. यापेक्षा मोठं नाही, आणि लहानही नाही.

ते रुसले नाहीत. त्या दिवाळीनंतर आम्ही कपिलधारला गेलो. ती चड्डी घालून ते धबधब्याखाली उभे राहिले आणि चड्डी भिजत नाही असं वरून ओरडून सांगत राहिले. भिजली होती. आमचा संसार असाच झाला — चांगला, हसता. पाहुण्यांना ते आजही सांगतात, "मी बी गेलो असतो, पर नियम आडवा आला." मी पोहे आणायला आत जाते.

तर रविवारी, ओंकार, तू म्हणालास की तुमचे शिकवणारे आजोबांपेक्षाही मोठे आहेत, पार पांढऱ्या केसांचे. मी नेहमीच्या सवयीने ते जसंच्या तसं मराठीत सांगून टाकलं. तोंडातून गेल्यावर कळलं काय सांगितलं.

 आजोबा म्हणाले, "तिकडचा नियम निराळा असंल."

त्यांनीच मला वाट काढून दिली. इतक्या वर्षांत माझ्यावर शंका घेणं त्यांना सुचलेलंच नाही. मग उठून त्यांनी ट्रंकेतून ती चड्डी काढली आणि उन्हात वाळत घातली. का, ते मी विचारलं नाही.

आज सकाळी ते ती घालून विहिरीवर गेले आहेत. येतील, अंग पुसतील, चहा मागतील. तुमच्या पत्राचं पाकीट मी अजून बंद केलेलं नाही. हे कागद टेबलावर ठेवते आहे, आणि त्यावर त्यांचा चष्मा.

— आजी