वीस फुटांवरची कुजबूज

मित्रांनो, आज ४ मे १९९७, सकाळी साडेदहाला मी गोडादऱ्यातल्या आमच्या गल्लीत भिंतीकडे तोंड करून उभा होतो. हवाई दलाच्या भरतीत वीस फुटांवरची कुजबूज ऐकू यावी लागते, त्याचा सराव.

"सुरू कर गं." मागे वीस फुटांवर उभी धाकटी बहीण गप्पच.

"अगं, बोल ना!"

"दादा, पाच आकडे सांगून झाले," ती ओरडली. "आणि तू कशाला बोंबलतोस? सगळी गल्ली बघतेय."

मी तीन वर्षे पॉवरलूमवर कामाला आहे. त्या खडखडाटात ओरडूनच बोलावे लागते.

भरतीच्या लेखी परीक्षेचे गणित घोटून सुधारले. कान कसा सुधारायचा, कोणाला माहीत आहे का?

भरतीच्या क्लासचे सहाशे रुपये भरले, चारशे द्यायचे आहेत. ते फेडायला संध्याकाळी पुन्हा लूमवरच जायचे आहे.