नांदूरघाटात दर्यातला कुळव

समुद्रासाठी लोक कोकणात जातात. मी जानेवारीत बीड जिल्ह्यात गेले.

मुंबईच्या गोदीत मी जहाजदुरुस्तीचं काम करते. तिथली मैत्रीण वैशाली जेवताना म्हणाली, "माझे पणजोबा दुसऱ्या महायुद्धात बोटीवर होते. दर्यात कुळव मारला म्हणायचे. गाव हसतं. आता जुन्या सैनिकांच्या नावांचा दगड बसतोय, तर हसं होईल म्हणून आजोबा पणजोबांचं नावच देत नाहीत." कुळव ऐकून माझा घास हातातच राहिला. का, ते तिला सांगितलं नाही. आधी आजोबांकडून ऐकायचं होतं.

नगरहून आम्ही दोघी बीडच्या एसटीत बसलो. महिलांना अर्धं तिकीट आहे. कड्याला चहा बरा मिळतो, हवेत साखर कारखान्याच्या मळीचा वास असतो. पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी. वारा आला की एक ओळ कलायची, मग तिच्यामागची. खिडकीला डोकं टेकलं आणि बस मला तरंगल्यासारखी वाटू लागली. मांजरसुंब्याहून नांदूरघाटची काळी-पिवळी जीप मिळते. भरल्याशिवाय सुटत नाही, तेव्हा घाई करू नका.

वैशालीचे आजोबा, निवृत्तीआबा, ओसरीवर वाट बघत होते. भाकरी आणि येसर आमटी झाल्यावर मी बोटीचं विचारलं.

"एका राजाची सहलीची आगबोट व्हती," आबा म्हणाले. "लढाई लागली तशी सरकारनं घेतली. गाद्या, आरशे काढले. पांढऱ्या बोटीला राखाडी रंग दिला. म्होरं तोफ, मागं तार सोडायचा रहाट. बाप कोळसा वढायचा."

"आणि कुळव?"

आबा ताटं गोळा करू लागले. शेजारचे भानुदासराव सुपारी कातरत बसले होते. "सांग की रं, दर्याकुळव्याच्या पोरा! बैलं पवत व्हती का?"

"बैल नसतील," मी म्हणाले. "बोटी दोन होत्या का?"

"व्हत्या. मदी तार."

"तार दिसायची?"

"न्हाई. पान्याखालनं. कुळवाची फास मातीखालनं चालती तशी. मुळी कापली की तन वर येतं, म्हनायचा. मंग त्याला बंदुकीनं फोडायचे."

गोठ्याजवळ कुळव उभा होता. त्याच्या फासेवर, लोखंडी पात्यावर, बोट ठेवून मी सांगितलं: पाणसुरुंग तळाला दोरानं बांधून पाण्याखाली लपवतात. तार तो दोर कापते, सुरुंग वर येतो. लढाईत श्रीमंतांच्या सहलीच्या बोटी या कामालाही लावल्या जात. एक जरी सुरुंग काढायचा राहिला, तर मागून येणारं जहाज गेलंच.

भानुदासरावांचा अडकित्ता थांबला.

"मंग बाप खोटं बोलत न्हवता?" आबांनी विचारलं.

"ते त्या बोटीवर होते, हे मी सिद्ध करू शकत नाही. पण हे काम न बघता कुळव सुचणार नाही."

"मंग देतो नाव," आबा अंगणापलीकडे बघत म्हणाले. उन्हात ज्वारी हलत होती. क्षणभर मलाही तिच्यातून राखाडी बोट जाताना दिसली. मागे पाणी दुभंगलेलं, आणि खाली, न दिसणारी, तार.

"नाव देतो म्हनतोस," भानुदासराव हळूच म्हणाले, "पर हुद्दा काय सांगशील?"

"तुमीच ठिवलाय की. दर्याकुळव्या."

मुंबईत परतून पंधरवडा झाल्यावर वैशालीनं दगडाचा फोटो दाखवला. नाव आहे, हुद्दाही तोच. गोदीतल्या माझ्या तपासणीच्या अहवालात अशा ओळीत मी "बहुधा" घातलं असतं. दगडावर तो शब्द नाही. मी फोटो मोठा करून पुन्हा पाहिला, आणि मलाही तो तिथे नकोच होता.